निलंबनाचा आदेश हाती पडला, आता पुढे काय?

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीसारख्या तालुक्यात तलाठी किंवा ग्रामसेवक निलंबित झाला की बातमी संध्याकाळपर्यंत गावोगाव पोचते. मागोमाग सल्लेही येतात. चुकीच्या सल्ल्यापायी अपिलाची मुदत हातची जाते.

गैरसमज : निलंबन म्हणजे शिक्षाच.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील शिक्षांच्या यादीत निलंबन नाही. चौकशी किंवा गुन्ह्याचा तपास होईपर्यंतची ती तात्पुरती व्यवस्था आहे. 48 तासांहून अधिक कोठडी झाली, तर अटकेच्या तारखेपासून ‘मानीव निलंबन’ लागू होते.

गैरसमज : निलंबनात काहीच पैसे मिळत नाहीत.
वस्तुस्थिती : निर्वाह भत्ता हा हक्क आहे. पहिले 3 महिने अर्धवेतनी रजेइतकी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता मिळतो. दुसरीकडे नोकरी-धंदा करत नसल्याचा दाखला मात्र द्यावा लागतो. फौजदारी खटल्यातील शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला महिन्याला अवघा 1 रुपया देणारी महाराष्ट्राचीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये रद्द ठरवली.

गैरसमज : 90 दिवस भरले की थेट कामावर रुजू व्हावे.
वस्तुस्थिती : अजयकुमार चौधरी प्रकरणात (2015) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, 3 महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, दिले असेल तर मुदतवाढीची कारणे नोंदवावीत. राज्य शासनाने 9 जुलै 2019 च्या निर्णयाने हे स्वीकारले. तरीही रुजू होण्यासाठी निलंबन मागे घेतल्याचा लेखी आदेश लागतो. तो मिळत नसेल, तर हाच मुद्दा घेऊन दाद मागता येते.

गैरसमज : सगळ्यांनी सरळ हायकोर्टात जावे.
वस्तुस्थिती : तलाठी राज्य शासनाचा कर्मचारी आहे. त्याने 45 दिवसांत वरिष्ठांकडे अपील करावे, नंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या म्हणजे ‘मॅट’च्या नागपूर खंडपीठाकडे जावे, उच्च न्यायालय त्यानंतर. ग्रामसेवक व जिल्हा परिषद शिक्षक मॅटच्या कक्षेत येत नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध त्यांचे अपील विभागीय आयुक्तांकडे जाते.

गैरसमज : आरोप खोटे म्हटले की स्थगिती मिळते.
वस्तुस्थिती : आरोप खरे की खोटे, हे विभागीय चौकशीत ठरते. न्यायालय पाहते ते एवढेच : आदेश देणाऱ्याला अधिकार होता का, आकस होता का, निलंबन विनाकारण लांबले का.

म्हणून आदेश नाकारू नका. तो स्वीकारा, मिळाल्याची तारीख त्यावर लिहा आणि त्याच दिवसापासून दिवस मोजायला लागा.