पाच शिलिंगांत पाहिलेले जेवण



पाड्यावरची मुले जेवतानाचे फोटो पाठवा, असे आपल्यापैकी काही जण प्रेमाने लिहितात. मी ते पाठवत नाही. कारण सांगायचे तर आयर्लंडच्या दुष्काळाकडे जावे लागेल.

१८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे रोजचे अन्न तेच होते. पुढच्या वर्षी तर जवळजवळ सगळे पीक गेले. सरकारच्या आधी क्वेकर ख्रिस्ती मंडळींनी सूपघरे उघडली. १८४७ मध्ये सरकारने तसा कायदा केला आणि त्या जुलैत रोज सुमारे ३० लाख लोक या अन्नावर जगत होते. नाव सूपचे, पण पुष्कळ ठिकाणी मक्याच्या पिठाची घट्ट पेजच मिळे. दुष्काळ सरला नसतानाच सरकारने शरदात ही सूपघरे बंद केली.

डब्लिनचे मोठे सूपघर अलेक्सिस सोये या प्रसिद्ध फ्रेंच आचाऱ्याने मांडले होते. घंटा वाजली की शंभर जण आत. चमचे साखळीने बांधलेले. उद्घाटनाला प्रतिष्ठित लोक पाच शिलिंग भरून आले, ते गरिबांना खाताना पाहायला. पैसे दानधर्मालाच गेले. पण त्या बाकावर आपले मूल असते तर?

आणखी एक गोष्ट आपल्याला जास्त बोचावी. काही प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी भुकेल्या कॅथलिकांना अन्नासोबत आपला पंथही देऊ केला. जे गेले त्यांना शेजाऱ्यांनी ‘सूपर’ म्हणून हिणवले. ती शिवी पिढ्यानपिढ्या टिकली आणि कसलीही अट न घालणारे पाळकसुद्धा तिच्यातून सुटले नाहीत. क्वेकरांचे नाव मात्र तिथे आजही आदराने घेतात.

त्याच १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी वर्गणी काढून आयर्लंडला पैसे पाठवले. त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकलल्याला दोन दशकेही झाली नव्हती. आदिवासी म्हणजे फक्त घेणारे, असे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या नोंदवहीत नाव, पाडा आणि घरातली माणसे एवढेच रकाने आहेत. धर्माचा रकाना नाही. प्रार्थना आम्ही पहाटे चूल पेटवताना करतो, ताट धरून उभ्या असलेल्यांसमोर नाही. पुढच्या अंकापासून फोटोऐवजी आलेल्या आणि शिजलेल्या डाळ-तांदळाचा किलोवार हिशेब छापू. तो मात्र बारकाईने तपासा.