टेपवर उतरवले, म्हणून डिस्कवरून लगेच पुसू नका

कापडाच्या धंद्यात दुकानातली जागा मोलाची असते. सणाचा माल पुढे मांडायचा आणि मागच्या हंगामाचा गोदामात टाकायचा, ही आपली रीत. संगणकाचेही तसेच आहे. डिस्क म्हणजे दुकान आणि टेप म्हणजे गोदाम. क्वचित लागणारी माहिती टेपवर उतरवून डिस्क मोकळी करतात. यात एक धोका आहे. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून तो व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

टेप कालबाह्य झाली, हा समज चुकीचा आहे. 2021 साली आलेल्या एलटीओ-9 जातीच्या, तळहातावर मावणाऱ्या एका कार्ट्रिजमध्ये अर्धा इंच रुंद व 1,035 मीटर लांब फीत असते. तिच्यावर 18 टेराबाइट, म्हणजे 18 हजार गीगाबाइट माहिती बसते. कपाटातल्या टेपला वीज लागत नाही आणि व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उणीव ही, की ती कापडाच्या ताग्यासारखी आहे. मधला तुकडा हवा असेल तर तिथपर्यंत उलगडत जावे लागते.

आपल्या राहात्याहून संगमनेरमार्गे पुण्याकडे जाताना नारायणगाव लागते. तेथून जवळच खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात उभ्या आहेत. त्यांच्याकडून येणारी अफाट माहिती आधी डिस्कवर घेऊन पुढे टेपवर जतन करण्याची पद्धत तेथे राहिली आहे. नाहीतर नव्या नोंदीला जागा कोठून आणायची?

फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या जीमेलमध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे सुमारे 0.02 टक्के खातेदारांची पत्रे दिसेनाशी झाली. डिस्कवर अनेक प्रती होत्या, तरी दोष त्या सर्वांना भोवला. शेवटी टेपवरून पत्रे परत मिळाली. पण तेथे टेप ही जादा प्रत होती. आपण डिस्क रिकामी करतो तेव्हा टेप हीच एकमेव प्रत उरते. फरक येथेच आहे.

आमच्या दुकानात हेच घडले. संगणक मंद चालू लागला, म्हणून मुनीमजींनी जुन्या वर्षांचे हिशेब एका बाहेरच्या डिस्कवर घेतले व संगणकावरून पुसले. उतरलेले वाचून कोणी पाहिले नाही. पुढे करखात्याने एका वर्षाची बिले मागितली, तेव्हा ती फाइल उघडेना. माळ्यावरच्या कागदी बिलबुकांनी आमची लाज राखली, पण तीन आठवडे बिले पुन्हा भरण्यात गेले.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी दोन प्रती काढाव्यात. दोन्ही वाचून मूळ फाइलशी ताडून पाहाव्यात. कोणत्या प्रतीत काय आहे याची यादी वहीत लिहावी. चिठ्ठी नसलेली गाठ गोदामात सापडत नाही. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, थंड व कोरड्या जागी ठेवावी. पत्र्याखालचा माळा नको. मगच डिस्कवरून पुसावे. शिवाय वाचणारे यंत्रही बदलत जाते. एलटीओ-9 चा ड्राइव्ह एलटीओ-8 ची टेप वाचतो, एलटीओ-7 ची वाचत नाही. तेव्हा काही वर्षांनी माल नव्या टेपवर हलवावाच लागतो.

टेपचा ड्राइव्ह लाखांच्या घरात जातो. तो मोठ्या कारखान्यांना किंवा चित्रीकरणाचा मोठा व्यवसाय करणाऱ्यांना परवडेल. आपल्यासारख्यांना दोन बाहेरच्या डिस्क पुरतात, मात्र नियम तोच. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. त्या मुदतीत कागद मागितला तर "संगणकात जागा नव्हती" हे उत्तर चालत नाही.

आज दुकान बंद करण्यापूर्वी जुनी एक प्रत काढा आणि त्यातले एक बिल उघडून पाहा. उघडले तरच ती प्रत आहे असे समजा.