सोलापुरातील वृक्षांचे दप्तर

1964 साली स्थापन झालेल्या सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीतील वृक्षांचा कारभार, 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये, आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील वृक्ष प्राधिकरणाकडे असून, वृक्षगणना करणे व तोडीच्या अर्जांवर निर्णय देणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडास ‘प्राचीन वृक्षा’चा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावणे बंधनकारक झाले, परंतु या अवर्षणप्रवण मुलखात रोप लावण्यापेक्षा ते उन्हाळ्यात जगविणेच खरे बिकट, आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेल्या कडुनिंबाच्या मुळांना तर पावसाळ्यातही पाणी दुर्मीळच! खोडात ठोकलेल्या जाहिरातींच्या खिळ्यांविरुद्ध पुण्याच्या ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने मोहीम चालविली. या मोहिमेसाठी पक्कड पुरते, सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.