एकल व्हायोलिनची वाट गळ्यातून जाते

व्हायोलिनवर स्वतंत्र मैफल करू पाहणाऱ्या मुलांना ‘साथीत अडकू नका’ असं सांगतात. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. पंडित डी. के. दातार (जन्म १९३२) यांच्याकडेच बघा. विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे ते व्हायोलिन शिकले, पण दातारांची गायकी अंगाची, म्हणजे गळ्याच्या वळणाची, शैली घडली ती गायक द. वि. पलुसकरांच्या सहवासात आणि साथीत. १९५५ मध्ये पलुसकर गेले, तेव्हा दातार जेमतेम तेवीस वर्षांचे होते. पुढे एकल वादनात त्यांचा गज गळ्यासारखा श्वास घेई. १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००४ ची पद्मश्री त्यांना मिळाली, ती या गायकी अंगाच्या वादनावर. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, अखंड निघते. पण सूर कुठे थांबवायचा हे कानानेच ठरवावं लागतं, आणि तो कान गायकाच्या मागे बसून तयार होतो.

यावर कुणी म्हणेल, मग वाद्य गळ्याची नक्कलच करत राहणार. तसं नाही. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगांनी लयकारी आणि गजाच्या आघातांतून वेगळी वाट काढली, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईशी जुगलबंदी रंगवली. आणि साथीला तेही मोठमोठ्या गायकांबरोबर बसत. दुसरी शंका रास्त आहे: देऊळगाव राजासारख्या गावात व्हायोलिनचा गुरू मिळाला नाही तर? गज धरण्याची शिस्त जाणकाराकडूनच घ्यावी लागेल, त्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागलं तरी. रोजचा रियाझ मात्र गावातल्या गायनशिक्षकाबरोबर, भजनाच्या साथीत होऊ शकतो.