शनिवारची हजेरी

सकाळी 6.50
जानेवारी. रात्रभर दव पडलंय. ताई फडक्याने स्कूटीची सीट पुसते, किक मारते. वय 21, मालवणात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिचं नाव लिहीत नाही. चर्चचंही नाही, कारण त्यावरून मुलांची घरं ओळखता येतील. तारकर्ली-देवबागचा हा पट्टा अगदी अरुंद. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे एकच रस्ता. त्या रस्त्यालगत चर्च, आणि मागे पत्र्याचा हॉल. शनिवार-रविवारी तिथे येणारी मुलं तिला ताई म्हणतात. आपणही तेच म्हणू.

सकाळी 7.40
मालवणची बाजारपेठ. तांदूळ साडेचार किलो, 216 रुपये. तूरडाळ दीड किलो, 195. कांदे, तेल, मसाला मिळून 120. संध्याकाळसाठी चुरमुरे-फरसाण 180. अंडी 44, नगाला 7 रुपये. पटावर 41 मुलं, वर मोठी माणसं तीन. दुकानदार दीड ट्रे घ्यायला सांगतो. "44च द्या," ताई म्हणते. एक ट्रे आणि वर 14 सुटी, वर्तमानपत्रात गुंडाळून. ट्रे पायांच्या मधे ठेवून ती परतीला लागते. गतिरोधक आला की ती दोन्ही पाय टेकते आणि गाडी चालवत नाही, चालत नेते.

सकाळी 9.15
मावशी आधीच आलेली. पूर्वी ती काजूच्या कारखान्यात होती. सालीच्या तेलाने बोटं काळी पडली, ती काळीच राहिली. आता शनिवार-रविवार इथे जेवण करते, दिवसाचे 400. नारळ आवारातल्या माडांचे, त्यांना पैसे नाहीत. आडाळ्यावर बसून ती तीन नारळ खवते. ताई कांदे चिरते. दोघी फारसं बोलत नाहीत. अंडी शेवटी उकडायची, नाहीतर पोरं आधीच पळवतात.

सकाळी 11.20
शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की सहा आसनी रिक्षा दोन खेपा करते, संध्याकाळची परत धरून खेपेला 250 रुपये. सहा आसनीतून किती पोरं उतरतात ते मी मोजायचं सोडून दिलं. जवळची चालत येतात. मच्छीमारांची आहेत. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची आहेत. ट्रॉलरवर खलाशी असलेल्या कानडी माणसांची आहेत. चारपाच ख्रिस्ती, बाकीची नाहीत. प्रत्येक घरून एक कागद सही किंवा अंगठा करून आलेला आहे: मूल येईल, जेवेल, अभ्यास करेल, प्रार्थनेला बसायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर.

हे शनिवार-रविवारीच का, ते रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या शुक्रवारी रात्रीच लागायला सुरुवात होते. या दोन दिवसांत आया होम स्टेमध्ये चादरी बदलतात, घावणे घालतात, भांडी घासतात. बाप आणि मोठे भाऊ होड्यांवर. घरात पोरंच उरतात, नाहीतर पोरांनाही काम लागतं.

सकाळी 11.40
हजेरी. ताई वहीतून एकेक नाव घेते आणि नाव घेतल्यावर मान वर करून त्या मुलाकडे बघते. मगच खूण. कुणाचा डोळा सुजलाय, कुणी कालचेच कपडे घालून आलंय, हे तिला तेव्हाच दिसतं. 38 हजर. दोन बहिणी नाहीत. बारावीतला एक मुलगा नाही. तो नुसता येणारा नव्हे, मोठ्या पोरांचा गट आणि फुटबॉल त्याच्याकडे आहे. ताईसारखाच तोही पूर्वी जेवायला यायचा.

"तो खंय गेलो?"
"होडयेर. पावणे लय इलेत."

ताई त्याच्या नावापुढची चौकट रिकामी ठेवते. क्रॉस मारत नाही.

दुपारी 12.10
प्रार्थना दोन मिनिटांची. मग अभ्यास. तीन गट. नेपाळी मुलगा चौथीत आहे, बोलायला मालवणी फर्डी, पण जोडाक्षराशी येऊन थांबतो. ताई त्याच्या ओळीखाली काडेपेटीतली काडी धरते. 'रस्ता' या शब्दावर काडी बराच वेळ उभी राहते. तो 'स' म्हणतो, 'त' म्हणतो, मग एकदम दोन्ही. ताई काडी पुढे सरकवते. शाबासकी नाही, वेळ नाही, अजून अकरा जणांचं ऐकायचंय.

रविवारची शाळा म्हणून जी चाल इंग्लंडमध्ये रुजली, ती रॉबर्ट रेक्सने 1780 साली ग्लॉस्टरला उभी केली, आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांसाठी. त्यांना रविवार तेवढा मोकळा होता. इथे उलटं आहे, आठवडाभर शाळा आणि सुट्टीला काम. पण वाचायला शिकवणं तेच, आणि मला त्याचं मोल धर्मशिक्षणाइतकंच वाटतं.

दुपारी 1.00
भात, वाटपाची आमटी, एकेक अंडं. हात धुताना ताई नखं बघते. नेलकटर कमरेलाच. लहान पोरं पिवळा बलक शेवटी खातात. तीन अंडी उरतात. मावशी त्यांवर ताट झाकते.

दुपारी 2.05
ताई स्कूटी काढते. दोघी बहिणी कुठे असतील हे तिला माहीत आहे. होम स्टेच्या मागच्या अंगणात त्या दोघी चादरीची टोकं धरून उभ्या. एक नऊ वर्षांची, एक अकरा. टोक जुळवायचं, पुढे चालत यायचं, घडी, परत मागे. आई दोरीवरून पुढची चादर काढते. काल रात्री अचानक 14 पाहुणे आले. दोघींना घरी ठेवायला कुणी नव्हतं, इथे आणलं तर हातभार लागला.

ताई वाद घालत नाही. चादरीचं एक टोक ती धरते. सहा चादरी होतात.

"आता धाडतंस?"
"चार वाजता धाडतंय."
"मी थांबतंय. आत्ताच नेतंय."

आई मालकिणीच्या दाराकडे बघते, मग मुलींना पाय धुवायला सांगते. स्कूटीवर तिघी.

दुपारी 3.15
गोष्टीचा तास. आज योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय. पेत्र आणि आणखी सहा जण रात्रभर जाळं टाकतात, काहीच लागत नाही. पहाटे किनाऱ्यावरून येशू त्यांना सांगतो, उजव्या अंगाला टाका. 153 मोठे मासे लागतात, जाळं फाटत नाही.

इथे गोष्ट अडते. रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकराचा पोरगा उठतो.

"153 म्हणजे रापणीक कायच नाय."
"मोठे होते."
"सुरमय?"
"सुरमय म्हण."
"मग पैसे इले."

पुढे येशूने कोळशावर मासे भाजायला ठेवलेले असतात, भाकर असते, तो त्यांना न्याहारीला बोलावतो. चादरवाल्या बहिणींतली धाकटी विचारते, "हेंचे मासे हाडूच्या आदीच थंय मासो कसो इलो?"

ताई विचार करते. "माका पण म्हायत नाय. पण जेवण तयार होता."

"मावशेन केल्यान असतला," कुणीतरी म्हणतं. मावशी मोरीतून हसते.

संध्याकाळी 4.30
फुटबॉल. चेंडू अर्धा बसलाय, लाथ मारली की लोळतो. पंप बारावीतल्या मुलाकडे आहे.

संध्याकाळी 6.00
चुरमुरे-फरसाण, मग रिक्षाच्या परतीच्या खेपा. चालत जाणाऱ्यांना ताई स्वतः रस्ता ओलांडून देते. आज गाड्या थांबत नाहीत. घरी कुणी नसलेली चार मुलं मावशीबरोबर बसून राहतात. साडेसातला शेवटच्याची आई येते.

संध्याकाळी 7.40
हॉल झाडून झालाय. बारावीतला मुलगा दारात उभा आहे. तळहातावर दोर घासून गेल्याची लाल रेघ. त्सुनामी आयलंडला जाणाऱ्या होडीवर पाहुण्यांना जॅकेटं बांधून द्यायची, होडी लागली की दोर ओढायचा. 600 रुपये मिळाले. इथे त्याचं मानधन महिन्याला 800. ताईचं 1500.

"माका आता जमाचा नाय शनिवारी," तो म्हणतो.

"प्रॅक्टिकल कधी?"
"पुढल्या म्हयन्यात."
"जेवलंस?"

तो काहीच बोलत नाही. मावशी ताट उघडते. भात, आमटी, एक अंडं. दोन अंडी बहिणींनी खाल्ली, हे तिसरं.

तो जेवतो तोवर ताई हिशेबाची वही त्याच्यापुढे सरकवते. तोही कॉमर्सचाच. तांदूळ, डाळ, अंडी, मसाला, खाऊ, मावशी, रिक्षा. तो डाव्या हाताने पेन धरून बेरीज करतो, 1919.

हे पैसे गावातल्या घरांतून येतात, आणि परदेशात नोकरीला गेलेल्या दोघातिघांकडून. दर महिन्याला ताई त्यांना पोरामागे किती खर्च आला ते कळवते.

"भागिले किती? 40?"

"41," ताई म्हणते. "उद्या किती वाजेपर्यंत होडी?"

"चार."

"मग पाचला ये. पंप घेऊन ये, चेंडूत हवा नाय."