माहितीची साठवण, लेखांक ६ : आटणारा पॉलिमर

होलोग्राममध्ये माहिती पानापानाने कशी लिहितात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. लाखो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं अख्खं पान लेसरच्या एका झोतावर चढतं, दुसरा संदर्भझोत त्याला येऊन मिळतो आणि उजेड-अंधाराचे अतिशय बारीक पट्टे उमटतात. हे पट्टे कायमचे धरून ठेवायचे कशात? प्रकाशशास्त्राचं कौतुक पुष्कळ झालं, पण माझ्या मते या तंत्राची खरी कसोटी रसायनशास्त्रात लागली.

पीटर व्हॅन हीर्डन यांनी १९६३ साली ही कल्पना मांडली. सुरुवातीला भर होता लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकांवर. ते महाग, शिवाय विशेष प्रक्रिया केली नाही तर वाचता वाचताच त्यांच्यातली नोंद पुसट होते. म्हणून फोटोपॉलिमर पुढे आले.

फोटोपॉलिमरच्या थरात मोनोमरचे सुटे रेणू असतात आणि सोबत प्रकाश पडताच क्रिया सुरू करणारं एक द्रव्य. उजेडाच्या पट्ट्यात मोनोमर एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात. तिथले सुटे रेणू कमी झाले की शेजारच्या अंधाऱ्या पट्ट्यातले तिकडे सरकतात. त्यामुळे उजेडाच्या जागचा अपवर्तनांक किंचित बदलतो. हा बदल अगदी हजारांशात मोजण्याइतका, पण दीड मिलिमीटर जाडीच्या थरात तेवढा पुरतो.

अडचण पुढेच आहे. सुटे रेणू साखळीत बांधले गेले की जवळ येतात, आणि नवं सुती कापड धुतल्यावर आटावं तसा थर आटतो. पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, त्यांचा कल बदलतो. जाड थरात संदर्भझोताचा कोन अंशाच्या लहानशा भागाने हलला तरी पान दिसेनासं होतं. याच काटेकोरपणामुळे एका जागी शेकडो पानं एकमेकांवर लिहिता येतात आणि याच काटेकोरपणामुळे थोडंसं आटणंही महागात पडतं.

बेल लॅब्जच्या संशोधकांनी काढलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. त्यांनी दोन रसायनं वेगळी केली. आधी प्रकाशाशी संबंध नसलेल्या क्रियेने थराचा सांगाडा घट्ट करून घ्यायचा. लिहिणारे मोनोमर त्यात मोजकेच ठेवायचे, पण अपवर्तनांकात मोठा फरक पाडणारे निवडायचे. अमेरिकेतल्याच अप्रिलिस कंपनीने दुसरी वाट धरली : जोडले जाताना ज्यांचं कडं उघडतं असे मोनोमर. कडं उघडताना रेणू पसरतो आणि आटण्याची बरीचशी भरपाई होते.

लिहून झाल्यावर सगळ्या चकतीवर एकसारखा प्रकाश टाकून उरलेले मोनोमर संपवावे लागतात, नाहीतर वाचणारा लेसरच नवं काही लिहू लागेल. त्यामुळे ही चकती एकदाच लिहिण्याची.

बेल लॅब्जमधूनच २००० साली इनफेज ही कंपनी निघाली. तिने ३०० गिगाबाइटची चकती घडवली. एकपदरी ब्लू-रे चकतीत २५ गिगाबाइट मावतात, हे लक्षात घेतलं की तिची झेप कळते. पण हार्ड डिस्क आणि चुंबकीय फीत तोवर फार स्वस्त झाल्या होत्या, आणि २०१० मध्ये इनफेजचं काम थांबलं. तिची मालमत्ता घेणारी अकोनिया पुढे याच विद्येच्या जोरावर आरपार दिसणाऱ्या चष्म्यांच्या काचांकडे वळली आणि २०१८ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. त्या काचांबद्दल पुढच्या आठवड्यात.