गुरामी सारखा वर का येतो?

टाकीत एअर पंप चालू असतो, तरी गुरामी अधूनमधून वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा झाडांत शिरतो. तो गुदमरत नसतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर एका पोकळीत हाडाच्या पातळ पट्ट्या असतात, साडीच्या निऱ्यांसारख्या दुमडलेल्या. इवल्याशा जागेत केवढा पृष्ठभाग! त्यांवरच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या हवेतला प्राणवायू थेट रक्तात घेतात. दलदलीच्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तिथे हा मासा याच सोयीवर तगतो. नर तर तोंडातल्या हवेचे चिकट बुडबुडे सोडून, तरंगत्या पानांच्या आधाराने घरटं बांधतो. म्हणून तरंगत्या वनस्पती जरूर ठेवा, पण त्यांना सगळं पाणी झाकू देऊ नका. वरची हवा मिळाली नाही, तर गुरामी पाण्यातच गुदमरून मरू शकतो.